याला कोणी नाही

११ एप्रिल

बाईंचा फोन. मेमधल्या दौऱ्याला येतेस का, असं विचारलंच नाही — येतेय असं धरूनच बोलत होत्या. औषधांची यादी कधी देतेस, खोकी कुणाकडे बांधायची. म्हटलं, बाई, बाळ अजून दीड महिन्याचंही नाही. मग म्हणाल्या, "मुलं सगळ्यांनाच होतात गं. काम सगळ्यांकडून होत नाही."

फोन ठेवला आणि बाळाकडे बघितलं. मूठ तोंडात घालून झोपला होता. मला राग आला. बाईंचा नाही, त्याचा. हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते.

१३ एप्रिल

इस्पितळाच्या औषधखान्यात मी पगारासाठी उभी असते. खरी मी आहे ती दौऱ्यावर. नऊ वर्षं झाली. बाईंची संस्था वर्षातून दोनदा डॉक्टर घेऊन लांबच्या वस्त्यांवर जाते. तपासायचं काम त्यांचं, औषधांचं टेबल माझं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पुडीवर सूर्य काढते, चंद्र काढते. सूर्याची गोळी सकाळी, चंद्राची रात्री. लोक रांगेत थांबतात, माझं ऐकतात, हात जोडतात. इथे रांगेत एकच जण आहे आणि त्याला दम नाही.

नवरा म्हणतो, एक दौरा चुकला तर आभाळ कोसळणार आहे का? नाही कोसळणार. तेच तर दुखतं!

१९ एप्रिल

नवऱ्याची मोठी बहीण मदतीला राहायला आली आहे. आम्ही तिला ताई म्हणतो. कामाला वाघ, जिभेला सुरी. आल्या आल्या म्हणाली, लष्कराच्या भाकऱ्या पुष्कळ भाजल्यास, आता जरा घरच्या चुलीकडे बघ. मी हसले. पोटात काय होतं ते पोटातच ठेवलं.

बाळासाठी तिने पिवळा स्वेटर विणून आणलाय. बारीक टाके, कोपऱ्यात बदक. मी संस्थेसाठी कपड्यांचं गाठोडं बांधत होते, त्यात टाकून दिला. त्याच्याकडे आहेत की तीन! दान द्यायचं तर चांगलं द्यावं, मीच सगळ्यांना सांगते.

३० एप्रिल

बाळाला जुलाब. कालपासून होते. मला वाटलं दात — या वयात दात! मी औषधखान्यातली बाई! आज दुपारी उचलला तर मान टाकली, डोळे आत गेलेले, रडणं नुसतं मांजराएवढं. रिक्षा करून इस्पितळात नेला.

शिबिरात असली पोरं आली की मी त्यांच्या आयांवर ओरडते. इतका वेळ काय करत होतीस? आज डॉक्टरांनी मला तेच विचारलं, त्याच शब्दांत. ताई शेजारी उभी होती. तिने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

१ मे

हाताची शीर सापडेना. डोक्यावरचे केस भादरून तिथे सुई लावली आहे. कपाळाला चिकटपट्टी. एवढंसं तोंड झालंय.

बाईंचा निरोप — निदान खोकी भरायला तरी ये. मग मी फोटो काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, येऊ शकत नाही. शब्दावर त्यांचा विश्वास बसत नाही, फोटोवर तरी बसेल. बाईंकडून जोडलेले हात आले.

५ मे

घरी आणला. पुन्हा घसा फोडून रडतो. शेजारी वैतागले असतील, वैतागू देत. दुपारी त्याचे तळवे तोंडावर धरून बसले होते. असं कधी कुणावर प्रेम केलं नव्हतं, नवऱ्यावरही नाही. नवरा म्हणाला, काय ठोंब्या, आईला रडवलंस होय?

१९ मे

टीम परत आली. माझ्या टेबलावर कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी बसवली होती. तिने पुड्यांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं — सकाळी एक, रात्री एक. ज्यांना अक्षर ओळखू येत नाही त्यांना! म्हणे एका आजोबांनी रात्रीच्या झोपेच्या गोळ्या सकाळी घेतल्या आणि दिवसभर शेतात आडवे झाले.

ऐकून इतका आनंद झाला की बाळाला उचलून घरभर नाचवला. आजोबा ठीक आहेत ना, हे विचारायचं राहिलंच.

६ जून

खालच्या मजल्यावर एक टीचर राहतात. रोज संध्याकाळी वर येतात, बाळाला मांडीवर घेतात. आज येताना हातात पत्रक होतं, आमच्या संस्थेचं. म्हणाल्या, तुमच्या बाईंचं काम थोर आहे हो. बघा ना, बघवत नाही.

बघितलं. डोक्याला सुई, कपाळाला चिकटपट्टी, आत गेलेले डोळे. खाली मोठ्या अक्षरात — याला कोणी नाही. तुम्ही आहात.

टीचरांच्या एका हातात पत्रक आणि दुसऱ्या हातात तोच मुलगा! डोळे पुसत होत्या आणि त्याला पायावर झुलवत होत्या. ओळखला नाही. महिन्याभरात गाल आलेत त्याला. त्यांच्या शाळेत वर्गणी गोळा करतायत, पोरांनी खाऊचे पैसे दिले म्हणे. मी त्यांना पाणी आणून दिलं.

७ जून

बाईंना फोन केला. तापलेच होते. पत्रकं काढा म्हटलं, आजच्या आज. त्या म्हणाल्या, पोस्टर करणाऱ्या पोराने ग्रुपवरून उचलला, त्याला शिबिरातलं बाळ वाटलं. चूक झाली, काढायला लावते. मग म्हणाल्या, पण आधी ऐक. गेल्या अख्ख्या वर्षात आली नाही एवढी मदत या एका फोटोवर आली आहे. लोक फोन करून रडतायत.

"तू नऊ वर्षं राबून जे केलं नाहीस ना," बाई म्हणाल्या, "ते तुझ्या पोराने पाळण्यात पडून केलं."

मला लाज वाटायला हवी होती. मान ताठ झाली. काढा, असं मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

१६ जून

आमच्या औषधखान्याच्या खिडकीपाशीही पत्रक चिकटवलंय. रजेवर आहे, तरी मीच जाऊन परवानगी आणली. एका रुग्णाचा मुलगा बराच वेळ समोर उभा होता. फाटकी चप्पल. खिशातली चिल्लर काढली, त्यातलं बसभाड्यापुरतं वेगळं काढून बाकी सगळं पत्रकाखालच्या मदतपेटीत टाकलं. माझ्या जिभेवर आलं होतं — माझा आहे तो! गिळलं.

नवऱ्याला अजून माहीत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या कामाच्या ठिकाणी असली पत्रकं कोण लावणार, लिफ्टच्या विहिरीत?

२ जुलै

ताईने स्वेटर विचारला. धुवायला टाकलाय म्हटलं. म्हणाली, पावसाळ्यात? मग माझ्याकडे नुसतं बघितलं. तिला कळलंय. तिने पुन्हा लोकर आणली नाही.

९ जुलै

लिफ्टच्या विहिरीत नाही, लिफ्टमध्येच होतं! कुठल्यातरी ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. नवरा वरून आत उतरला, टॉर्च लावला, तर समोर आरशावर ठोंब्या. दुरुस्ती होईपर्यंत तो आणि फोटो, दोघंच.

पत्रक सोलून आणलं होतं. टेबलावर ठेवलं. शांतपणे विचारलं, "याला कोणी नाही, तर मी कोण? लिफ्टवाला?"

मी सांगत बसले. चुकून झालं, पण किती औषधं आली, किती पोरं वाचतील, आपल्याला काय त्रास झाला, आपलं बाळ तर धडधाकट आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" सांगितलं. तो उठला, पाळण्याशी गेला आणि बाळाला घेऊन ताईच्या खोलीत झोपायला गेला.

पहिल्यांदाच मला पूर्ण झोप लागली. हेही लिहून ठेवते.

२३ जुलै

बाईंनी बोलावलं होतं — बाळाला घेऊन ये, बघू तरी आमचा हिरो. गेले. तिथे पोस्टरवाला कॅमेरा घेऊन तयार. नवं पत्रक काढायचंय म्हणे. बाईंनी गालगुच्चा घेतला आणि हसल्या. "अगं, बाळसं धरलंय की याने! आता हा काय कामाचा?"

सगळे हसले. मीही हसले. बाळही हसला, त्याला काय, कुणी हसलं की तो हसतो.

पोराने बाळसं धरलं म्हणून वाईट वाटणारी आई जगात दुसरी नसेल. घरी आल्यावर तो भुकेने रडायला लागला. मी हात धुतले, पदर आवरला, कपडे वाळत घातले. मग घेतला. इतका वेळ का लावला, मला माहीत नाही. माहीत आहे.

११ ऑगस्ट

सप्टेंबरच्या दौऱ्याला बाईंनी मला बोलावलंय. आता नुसतं टेबल नाही, औषधांचा सगळा कारभार माझा. त्या कॉलेजवाल्या मुलीने माझ्या हाताखाली शिकायचं. फोटो जुनाच चालेल म्हणाल्या, मोठा बॅनर करून घेतलाय.

गेले नाही तर टेबल कायमचं तिचं. गेले तर बाळाला आठवडाभर वरचं दूध, आणि बाटलीला चटावला की तो माझ्याकडे येणार नाही, ताईने सांगूनच ठेवलंय. सहा महिन्यांचाही नाही तो. सगळा दिवस एक पारडं खाली, एक वर.

१४ ऑगस्ट

जाणार, असं सांगितलं. ताई म्हणाली, तिथल्या आयांना काय शिकवणार गं तू? मी म्हटलं, ज्यांना पोटी काही नाही त्यांनी बोलू नये. ताईला मूल नाही. तेरा वर्षं उपाय केले होते तिने. तीर सुटला तो सुटला, आणि खरं सांगायचं तर नेम धरूनच सोडला होता.

ती उठून बाळासाठी आणलेली नवी बाटली उकळायला गेली.

२ सप्टेंबर

नवऱ्याने भांडण केलं नाही. मला भांडण हवं होतं, त्यावर स्वार होऊन निघता आलं असतं. तो म्हणाला, "जा. मी अडवत नाही. एकच कर, तो झोपलेला असताना जाऊ नकोस. जागा असताना, त्याच्या समोरून जा. त्याला बघू दे."

बरं, म्हटलं.

६ सप्टेंबर

झोपलेला असताना निघाले.

८ सप्टेंबर

पोचलो. दोन खोल्यांची शाळा, बाहेर माणसंच माणसं. माझं टेबल पुन्हा माझ्यापुढे! पेन हातात घेतलं आणि सूर्य असा गोल आला की वाटलं, मी आता कुठे श्वास घेतला. कॉलेजवालीला दोनदा सगळ्यांसमोर झापलं. ती रडली. बरं वाटलं.

दूध मात्र थांबत नाही. छाती दगड झालीय. दुपारी शाळेच्या मागे भिंतीशी उभी राहून मातीत पिळून टाकलं. परत टेबलावर आले तर पुढे एक पोरगी, मांडीवर वाळलेलं लेकरू. दूध येत नाही, म्हणत होती. मी तिला सांगितलं, भरपूर पाणी पी, बाळाला वारंवार जवळ घे. ब्लाउजला डाग पडला होता, त्यावर फाइल धरून बसले.

घरी फोन लागला. ताई म्हणाली, मजेत आहे. मी म्हटलं, फोन त्याच्या कानाला लाव. तिने लावला असावा. मी हाका मारल्या. पलीकडे तो कुणाकडे तरी बघून खिदळत होता.

१० सप्टेंबर

टेबलामागे बॅनर लावलाय, माणसाच्या उंचीचा. दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसते. आज रांग संपत आली तेव्हा एक म्हातारी गोळ्या घेऊनही हलेना. वर बघत होती.

"जगलं का गं हे?"

जगलं, म्हटलं. चांगलं बाळसं धरलंय.

"आणि त्याची आई?"

"गेली," मी म्हटलं.