तेल बदलू की नको?

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी पुन्हा मागून कोणी धरल्यासारखी! कडावच्या मुलींचा गणिताचा वर्ग संपवून निघाले, तर चढाला इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जायला तयार नाही. करपट वास. ऑटोमॅटिक गाडी — क्लच नाही, गेअर पाडायचा नाही — मग मी चुकेन तरी कुठे? एक लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर झालेत. त्यातले शेवटचे तीस हजार, हे गेल्यानंतरचे, माझे एकटीचे.

यज्ञेशला फोनवर बोलून बसले. मूर्खपणा! "आई, गेअरबॉक्स गेला तर गाडी भंगारात आणि तू पुण्याला." लेक काळजीनं बोलतो, कबूल. पण मला नाही जायचं. तिथं सातव्या मजल्यावर बसून दिवसभर करू काय? इथे गाडी आहे म्हणून मी कोणाची वाट बघत बसत नाही.

५ नोव्हेंबर

शिळफाट्याला गोमाचं गॅरेज. चौथीला माझ्या वर्गात होता, अजून 'बाई'च म्हणतो. इंजिन गरम, चालू ठेवून त्यानं गेअरच्या तेलाची पट्टी काढली, फडक्यावर पुसली. लाल हवं ते तेल काळपट. "बाई, ह्ये कधी बदललंच नाय! अर्धं काढू, फिल्टर बदलू. बाकीचं हजार किलोमीटरनी. एकदम सगळं नको."

६ नोव्हेंबर

कुंभिवलीचा नवीन नावाचा मिस्त्री नेमका उलट बोलला! त्याचं गॅरेज मोठं, म्हणून विचारायला गेले. "हात पण लावू नका मॅडम. जुन्या तेलावरच गेअर धरतोय. नवं टाकलं की घसरलाच समजा." दोघेही अगदी छातीठोक. खरं कोणाचं मानू?

७ नोव्हेंबर

बदलायचं. नाही — थांबायचं. पोळी करपली.

१० नोव्हेंबर

बदललं एकदाचं. गाडीच्या मालकानं खुर्चीत बसून चहा प्यायचा आणि ट्रायल मिस्त्रीनं मारायची, अशी गॅरेजची रीत. मीही बसले. गोमा लांब चक्कर मारून आला. "बाई, लोणी हाय लोणी!" इतकं बरं वाटलं!

आणि घरी येताना पुन्हा तेच. धरतेय. वास. रडूच आलं. त्याच्या हातात चालते, माझ्या हातात नाही — हे कसं? की गोमा खोटं बोलला? आपल्याच विद्यार्थ्यावर संशय घेतला, लाज वाटली. पण मग दुसरं काय?

११ नोव्हेंबर

यज्ञेशचा फोन. "गाडी छान झाली," म्हटलं. धडधडीत खोटं.

१२ नोव्हेंबर

गोमाला स्पष्ट सांगितलं, माझ्या हातात बघ. "तुमी चला पुढं, मी बाईकवर मागनं येतो." पळसदरीच्या अलीकडे त्यानं दोन-तीनदा हॉर्न दिला. कडेला घेतली. काचेशी आला. मग मान खाली घालून — "बाई, तुमची ब्रेकलाइट विझलीच नाय. सगळा रस्ता."

मी ब्रेकला पायच लावला नव्हता! खाली पाहिलं. उजवा पाय मोकळा. डावा ब्रेकवर.

घरी येऊन डाव्या पावलाला जोरात चिमटा काढला. दोनदा. काहीच जाणवलं नाही.