वर्णन जुळत नाही

सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात सहाच अंगं टेकली आहेत. उरलेली दोन पुढच्या भेटीत.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींची साखर कशी आहे? त्यांचे केस कसे आहेत हे मी विचारत नाही, कारण ते उत्तमच असणार. पासष्टीच्या माणसाच्या डोक्यावर इतकी गर्दी मला सभ्यपणाची वाटत नाही, पण नवरा तुझा, म्हणून मी आजवर गप्प बसलो आहे. त्यांना एक नमस्कार आणि त्यांच्या केसांना वेगळा.

पत्रास कारण की, या घरात माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे. बाथरूममधल्या आरशाखालच्या फळीवरून माझा कंगवा हटवण्यात आला आहे. सूचना नाही, चर्चा नाही, निरोपाचे दोन शब्दसुद्धा नाहीत. लग्न झाल्यापासून तो त्या जागेवर होता. आता तिथं बाबांच्या कवळीची वाटी आली आहे आणि कंगवा आमची ही झाडूत अडकलेले दोरे काढायला वापरते. मी जाब विचारला तर म्हणाली, "अहो, त्यालाही काही काम नको का? नुसता बसून होता बिचारा." हे ती कंगव्याबद्दल बोलत होती असं मी समजतो.

तेव्हा मी ठरवलं आहे की परदेशी जायचं आणि केस लावून घ्यायचे. दचकू नकोस, हल्ली बरेच लोक जातात. दात काढायला पलीकडच्या गल्लीत जावं तसे केस लावायला विमानानं जातात. तिकडच्या दवाखान्याच्या वतीनं एक सल्लागार बाई फोनवर भेटल्या. व्हिडिओ कॉल होता, म्हणून मी चांगला दाढीबिढी करून बसलो, पण त्यांना माझ्या चेहऱ्यात काडीचा रस नव्हता. "मान खाली घाला. अजून. अजून थोडी." इतकी मान मी साहेबापुढेही कधी घातली नव्हती. मग त्यांनी माझ्या डोक्याच्या फोटोवर जांभळ्या रेघा ओढून दाखवल्या, प्लॉट पाडतात तशा. पद्धत अशी की डोक्याच्या मागचे केस एकेक करून काढायचे आणि पुढे रोवायचे. म्हणजे नवी भरती नाहीच, नुसत्या बदल्या. उभा जन्म नोकरीत गेल्यामुळे मला हे लगेच समजलं. वर त्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गळून पडतात, घाबरायचं नाही, खरे केस दिसायला वर्ष जातं. थोडक्यात, टक्कल घेऊन जायचं, टक्कल घेऊन यायचं आणि मधल्या काळात कपाळ सुजवून घ्यायचं.

तयारी जोरात आहे. नंतर काही दिवस डोक्यावरून काहीही ओढायचं नाही म्हणून बॅगेत सगळे पुढून बटणं लागणारे शर्ट. झोपायचं अर्धवट बसून, मान न हलवता, म्हणून त्याचा सराव आत्तापासून. मानेभोवती ती घोड्याच्या नालासारखी उशी लावून मी भिंतीला टेकून झोपतो. ही म्हणते, "लांबच्या गाडीत बसल्यासारखे दिसता. फक्त तुमचं स्टेशन येत नाही." व्हिसाच्या खिडकीवर साहेबानं विचारलं, जाण्याचा हेतू? मी तोंड उघडायच्या आत त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली आणि त्यानं पुढचा प्रश्नच विचारला नाही. (तोही अर्ध्या वाटेवर होता. आमची नजरानजर झाली, बस.) हिनं बॅगेत शांपूची मोठी बाटली भरली आहे. तिच्या आशावादाला मी कधीच पुरा पडलो नाही.

एव्हाना तू म्हणत असशील, एका कंगव्यासाठी एवढं? बरं, कंगवा बाजूला ठेवू.

बाबांबद्दल तू विचारलंस की मी फोनवर "ठीक" म्हणतो. ठीक म्हणजे काय ते आज लिहितो. ते मला ओळखत नाहीत. नुसतं तेवढं असतं तर मी निभावलं असतं. पण ते मला आजोबा समजतात. त्यांचे वडील! चूक त्यांची म्हणता येत नाही. भिंतीवरचा फोटो आठव. तेच टक्कल, डाव्या कानावरचा तोच खळगा. आजोबांनी माझ्यासाठी दुसरं काही ठेवलं नाही, एवढं मात्र चोख पोचवलं. आणि बाबा आजोबांना किती घाबरायचे हे आपण आत्याकडून ऐकत आलो आहोत. संध्याकाळी मी दारात बूट काढतोय तोवर हा ब्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्ची धरून उभा राहतो, सदऱ्याचं वरचं बटण लावतो आणि हातातलं बिस्कीट पाठीमागे लपवतो. "बसा ना बाबा" म्हटलं की आणखी ताठ होतात, कारण आपल्या वडिलांनी आपल्यालाच 'बाबा' म्हणावं यात त्यांना काहीतरी भयंकर शिक्षेची चाहूल लागत असणार.

फायदा एकच, गोळ्यांचा. हिनं दिलेली गोळी ते थुंकतात, माझ्या हातून निमूट गिळतात. ही म्हणते, तुमच्या टकलाचा घराला झालेला हा पहिला उपयोग. मीही हसतो. पण आपल्याला बघून आपला बाप बिस्कीट लपवतो, हे रोज संध्याकाळी बघण्यात फार मजा नाही गं.

आणि मग मागच्या खेपेला तू आणि भावोजी आलात. बाबांनी त्यांना जवळ बसवलं, त्या अफाट केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "झुपक्या, दमलास का रे?" ताई, झुपक्या मी आहे. माझ्या डोक्यावरच्या झुपक्यावरून खुद्द बाबांनी ठेवलेलं नाव आहे ते. भावोजी सज्जन माणूस, ते हळूच "नाही हो, फार नाही" म्हणाले. मी तिथंच उभा होतो, एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

त्यानंतर मी आधी घरगुती उपाय करून पाहिले. टोपी घातली, तर बाबांनी मला पोस्टमन समजून पत्रं पेटीत टाकायला सांगितलं. मग केसांचा टोप. मी बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर आहे हे तुला माहीतच आहे. आमचा एकच नियम. वस्तू आधी दाखवायची नाही. आलेल्या माणसानं खूण सांगायची आणि ती जुळली तरच वस्तू द्यायची. छत्री काळी होती, एवढ्यावर भागत नाही. काळ्या छत्र्यांचं आमच्याकडे जंगल आहे. तर तिथं मांडणीवर एक टोप येऊन पडला होता. (माणूस आपले केस बसमध्ये विसरून उतरतो कसा, हे मला कळत नाही. मला असते तर मी त्यांचं वेगळं तिकीट काढलं असतं.) तो मी पिशवीत घालून घरी आणला. हिनं पाहिलं, कानापाशी शिवण उसवलेली, लगेच बसल्या बसल्या चार टाके घातले. टोप चढवून मी बाबांसमोर गेलो. ते उठले नाहीत. बटण लावलं नाही. बिस्कीट हातातच राहिलं. मला वाटलं, जमलं! मग ते अतिशय अदबीनं म्हणाले, "या बाई. सूनबाई आत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोप परत मांडणीवर ठेवतोय तोवर त्याचा मालक खिडकीवर हजर. डोक्याला रुमाल, तोंड पडलेलं. खूण विचारली तर म्हणाला, "डाव्या कानापाशी शिवण उसवली आहे." माझ्या हाताखालच्या क्लार्कनं आत टोप उलटासुलटा करून पाहिला आणि बाहेर येऊन नियमाप्रमाणे सांगितलं, वर्णन जुळत नाही. तो बिचारा शपथा घ्यायला लागला. शेवटी मी टोप घेऊन मागच्या खोलीत गेलो, हिचे टाके दातांनी तोडले आणि बाहेर येऊन क्लार्कला म्हटलं, "जरा नीट बघत जा." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या ओठाला एक लांबलचक केस चिकटला होता.

उसने केस चालत नाहीत, हे असं सिद्ध झालं. स्वतःचेच हवेत. म्हणून परदेश. पुढच्या आठवड्यात विमान आहे. पासपोर्टवरचा फोटो टकलाचा आहे. वर्षानं घरी बाबा ओळखायला लागले, तर विमानतळावरचा साहेब ओळखायचा नाही. कुठंतरी एका ठिकाणी तरी माझी ओळख पटावी, एवढीच इच्छा आहे. बाकी सगळं भेटीत, अर्थात तू मला ओळखलंस तर.

तुझा धाकटा भाऊ,
झुपक्या (मूळचा)

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. मी नसताना आठ दिवस तू इथं येऊन राहशील का? हिला एकटीला बाबांचं उठणंबसणं झेपत नाही, आणि हे ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. गोळीच्या वेळी आजोबांचा फोटो भिंतीवरून काढून समोर धरायचा. आम्ही करून पाहिलं आहे, चालतं.

ता. क. २ : भावोजींना आणू नकोस. आणणारच असशील तर टोपी घालून आण. पत्रं पेटीत टाकायला सांगितलं तर "बरं" म्हणावं, वाद घालू नये.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायचं राहून गेलं होतं, तेवढ्यात हे घडलं. काल सुट्टी होती. बाबा सकाळपासून दाराकडे बघत होते. शेवटी धीर करून मलाच म्हणाले, "बाबा, झुपक्या अजून आला नाही." मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी खिडकीवर विचारतो तसं विचारलं, "खूण सांगा." त्यांनी टेबलाच्या उंचीवर हात धरला. "एवढा आहे. डोक्यावर झुपका. पुढचा दात पडलाय. चपला उलट्या घालतो. केस विंचरायला घेतले की टेबलाखाली जाऊन बसतो." दाताची खूण जुळते (एकाची नव्हे, तीन दातांची). झुपका परदेशातून आणता येईल. पण बाकीचं? ताई, ते ज्याची वाट बघत आहेत तो टेबलाएवढा आहे. मी डोकंभर केस घेऊन आलो तरी वर्णन जुळत नाही, आणि अशा वेळी आम्ही वस्तू देत नाही. दवाखान्याच्या बाईंना येत नसल्याचं कळवलं. त्या म्हणाल्या, मन बदललं तर सांगा, तुमचं डोकं आमच्याकडे नोंदलेलं आहे.

मी उठणार तोच बाबा पुन्हा उभे राहिले. म्हणाले, "बाबा, पाढे पाठ झाले तर तुम्ही शिट्टी आणणार होता." आणि हात मागे बांधून त्यांनी एकोणिसाचा पाढा म्हणून दाखवला. एकदाही अडखळले नाहीत. आजोबा शिट्टी आणायची विसरले की मुद्दाम आणली नाही, हे आता कोणाला विचारणार? मी चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि पत्र्याची शिट्टी घेऊन आलो. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, पण वाजवेनात. "आत्ता वाजवू?" मी म्हटलं, "वाजव." जन्मात पहिल्यांदा बाबांना एकेरी बोललो. त्यांनी अशी काही वाजवली की ही हातातलं टाकून धावत बाहेर आली. मग ते मी न सांगता माझ्यासमोर बसले, पाठीमागचं बिस्कीट पुढे आणलं, मोडलं आणि अर्धं मला दिलं.

तू ये. भावोजींनाही आण. टोपीचं वर लिहिलं आहे ते रद्द समज, उघड्या डोक्यानं येऊ देत. संध्याकाळ झाली की बाबांना झुपक्या लागतो. कंगवा मात्र आणू नका म्हणावं. आमच्या फळीवर आहे, त्यातले दोरे काढून, धुऊन ठेवला आहे.