यंत्र गप्प होतं तेव्हा

अण्णा, काल बदनापूरजवळच्या एका शीतगृहात मी गंधकाची कांडी पेटवली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. आगपेटीच्या दोन काड्या वाया गेल्या, तेव्हा तिथल्या ऑपरेटर काकांनी विचारलं, "मॅडम, मी धरू का?"

मी सातवीत असताना परतूरच्या बर्फाच्या कारखान्यात तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही जळती कांडी अमोनियाच्या नळ्यांजवळून सावकाश फिरवत होतात. एका सांध्यापाशी पांढरा धूर उठला. "हे बघ, इथून गळून राह्यलंय," तुम्ही म्हणालात. बाकीचे ऑपरेटर नुसता वास घेऊन सांगायचे. तुम्ही रोज कांडी का लावता, हे फक्त मला माहीत होतं. त्याच्या महिनाभर आधी आई गिरणीत गेली होती आणि गॅसवर दूध करपत होतं. तुम्ही ओट्याला टेकून पेपर वाचताय, घरभर करपल्याचा वास, आणि तुम्हाला पत्ता नाही. मी ओरडले तेव्हा तुम्ही आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणाला बोलायचं न्हाई. नाकाला वास येत न्हाई हे कारखान्यात कळलं तर घरी बसवतील." इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मी बोलले नाही, आईलासुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात मोठी गळती झाली, सगळे बाहेर पळाले आणि तुम्ही उशिरा निघालात. लोक म्हणाले, शूर माणूस. पुढे दोन वर्षं तुम्ही खोकत राहिलात.

आता मी जालन्याच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि अमोनिया ओळखणारं यंत्र बनवते. सुईतून येणारं द्रावण विजेच्या जोरावर ओढलं की त्याचे केसाहून कितीतरी बारीक तंतू होतात, त्यांना नॅनोफायबर म्हणतात. त्यांची पातळ जाळी एका पट्टीवर बसवायची. अमोनिया लागला की तिच्यातून जाणारा विजेचा प्रवाह बदलतो आणि घंटा वाजते. प्रयोगशाळेत सगळं बराबर चालतं. बदनापूरजवळच्या त्या शीतगृहात बसवलं, तर तिथल्या ओलसर हवेत मात्र जाळी फसायची, काही नसताना घंटा वाजायची. मोसंबीची पोती टाकून हमाल बाहेर पळायचे. मॅनेजर वैतागले. "मॅडम, असंच वाजत राह्यलं तर काढून टाकू," म्हणाले. म्हणून मी घंटेची मर्यादा वाढवली. जास्त वायू असला तरच वाजावी, अशी. मर्यादा वाढवल्याचं कुणाला सांगितलं नाही. दुरुस्ती केली, एवढंच म्हणाले.

त्यानंतर यंत्र गप्प झालं. सगळे खूश, आणि माझी झोप उडाली. खरंच वायू नाही म्हणून गप्प आहे, की मीच त्याला बहिरं केलं? वर्गात शिकवतानाही कानात ती न वाजणारी घंटा. शेवटी काल मी न कळवताच गेले. ऑपरेटर काका हसून म्हणाले, "आता बिलकुल तरास न्हाई मॅडम. आठ दिवसांपासून कांडी लावणं बी बंद केलं म्या. तुमचं मशीन हाय ना."

 मी कांडी मागितली तर त्यांनी जुन्या डब्यातून शोधून आणली. तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी पांढरा धूर उठला, बारीक, पण सरळ वर जाणारा. डोक्यावर माझं यंत्र, हिरवा दिवा लावून शांत. काकांचा चेहरा उतरला. "मंग हे वाजलं का न्हाई?"

"मी वाजू दिलं नाही," मी म्हणाले. माणसं बाहेर काढली, व्हॉल्व्ह बंद केला, दुपारपर्यंत त्याच्या सांध्यातलं झिजलेलं पॅकिंग बदललं. कुणाला काही झालं नाही. अजून दोन दिवस गेले असते तर काय, हा विचार कालपासून डोक्यातून जात नाही.

आज अहवालात सगळं लिहिलं, मर्यादा मी वाढवली तेही, आणि कांडी रोज लावावी हेही. मॅनेजरांना वाचून दाखवलं. त्यांनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आजच काढून न्या." विभागातले सहकारी हळहळले, इतक्या वर्षांची मेहनत म्हणाले. मीही मान हलवली. पण यंत्र भिंतीवरून उतरवून पिशवीत ठेवलं ना अण्णा, तेव्हा मला वाईट वाटलंच नाही. आता त्याच्या भरवशावर कुणी नव्हतं; सुटल्यासारखं वाटलं. हे मी त्यांना सांगितलं नाही.