वेगळा टॉवेल

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. चिमी सायकलवरून पडली, गुडघा फुटला. त्यासाठी रडली नाही, सायकलचा दिवा फुटला म्हणून मात्र भोकाड पसरलं. ह्यांची पाळी बदलली, आता सकाळची बस चालवतात. आमच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे. परीक्षा जवळ आल्या की सगळ्यांना एकदम दिसेनासं होतं.

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं बाहेर आलं असतं. लिहिताना निदान माझं तोंड तुला दिसत नाही.

मध्यंतरी मी दवाखान्यात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतली. नर्सचा फोन आला तेव्हा एका आजोबांच्या चष्म्याची काडी बसवत होते. "रिपोर्ट थोडा वेगळा आलाय, दुर्बिणीतून बघावं लागेल," ती म्हणाली. आणि एक विषाणू सापडलाय, संबंधातून येणारा. हातातला बारीक स्क्रू खाली पडला. आजोबा बिचारे वाकून शोधायला लागले आणि मी लाल होऊन उभी, जणू त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ताई, आधी भीती वाटायला हवी होती ना, कॅन्सरची? आधी लाज वाटली. लोक म्हणतील, हिने काय केलं? मग मनात आलं, मी तर काही केलं नाही, म्हणजे ह्यांनीच. त्यांना कुणाचा फोन आला की कान टवकारायला लागले. त्यांचे खिसेसुद्धा तपासले. हे त्यांना अजून माहीत नाही. लिहितानाही मान खाली जाते आहे.

घरात माझा टॉवेल वेगळा केला, साबण वेगळा. चिमीला जवळ झोपू देईना. तिला सवय माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायची. एकदा प्यायली तर मी हातावर फटका मारला. ती पेला ठेवून आत गेली. नंतर आतल्या खोलीतून ऐकू आलं, "बाबा, आईला माझी घाण वाटते."

हे तसेच बाहेर आले. पायात बूट होते. "काय झालंय? आज सांगच."

"तुम्हीच सांगा, कोण आहे ती?"

त्यांना काही कळेना. मग मी रिपोर्टचं सगळं सांगितलं, तुटक, उलटसुलट. ते खुर्चीत बसले. "मला वाटत होतं, तू मला सोडून चाललीस," म्हणाले. मग म्हणाले, "डॉक्टरांकडे मी येतो. तुला काय विचारायचं ते माझ्यासमोर विचार."

ते आले, पण मला विचारावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई आपणहूनच म्हणाल्या, "हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो. वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. कधी आला, कुणाकडून आला, कुणीच सांगू शकत नाही. आणि टॉवेलने, पेल्याने होत नाही हो." मी जमिनीकडे बघत राहिले. ह्यांनी माझी पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

तपासणीत छोटा तुकडा काढून पाठवला. कॅन्सर नाही, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. काल तेवढा भाग काढून टाकला. ओटीपोटात थोडं दुखतं. सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

चिमीला जवळ घेऊन सांगितलं, आईला बरं नव्हतं, तुझी घाण वाटत नव्हती. तर म्हणाली, "मग तोंडाने का नाही सांगितलंस?"

आता खरं ते लिहिते. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली तरी अधूनमधून डाग दिसतो, असं तू मागे म्हणाली होतीस. आपण दोघी हसलो आणि विषय बदलला. ताई, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुझं नाव न सांगता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना लगेच घेऊन या."

तेव्हा याच आठवड्यात जाऊ. दिवस तू सांग, मी रजा काढते, आत तुझ्याबरोबर येते. लाजू नकोस. तुझ्या वाटणीचंही लाजून झालंय माझं.

तुझ्या होकाराची वाट बघणारी,
तुझी धाकटी