पसंतीला आणलेले रेडिओ

आई, आज आपल्या घरी नवा टीव्ही आला. भिंतीवर लावून झालाय, नातू त्याच्यासमोर मांडी ठोकून बसलाय आणि मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. दुकानात आमचं दोघांचं चांगलंच वाजलं. त्याला भिंतभर टीव्ही हवा होता. "आजी, पिक्चर तर बघ ना, एकदम झकास आहे, फिर आवाज का क्या करना!" माझे पैसे बेताचे. म्हटलं, चित्र लहान चालेल, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ यायला हवा. दुकानदाराला एकेक टीव्ही लावायला सांगायचे आणि मी पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ फिरवून उभी राहायचे. नातवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र तू आठवलीस आणि हसू आवरेना.

राज्यांची पुनर्रचना होऊन ग्वाल्हेरची ऑफिसं भोपाळला हलत होती, ते दिवस. नानांचंही ऑफिस निघालं. तिकडे घर मिळेपर्यंत ते एकटे जाणार आणि माझ्या शाळेपायी आपण दोघी इथेच राहणार. बायकोच्या हक्कानं तू त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितलीस, मराठी ऐकू येईल असा रेडिओ. तुझं माहेर साताऱ्याकडचं, आपली गल्ली सगळी हिंदी, मीसुद्धा तेव्हाच अर्धं हिंदी बोलायचे. तुझ्याशी धड मराठी बोलणारे एक नानाच, आणि तेच चालले होते. नाना म्हणाले, "सोमवारी मी निघणार. रविवारपर्यंत परवडणारा मिळाला तर घेऊ, नाहीतर ते पैसे भोपाळच्या खोलीला लागतील." तू लगेच पदर खोचलास. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या दुकानदाराला सांगितलंस, तीन सेट पसंतीला घरी पाठवा. तो बिचारा गडबडला. "बाईसाहब, ये रेडियो है, साड़ी नहीं." तू म्हणालीस, "तो क्या हुआ भैया? साडी कभी कभी पहननेकी, ये तो रोज सुननेका है!" आणि खरंच पाठवले गं त्याने!

काय थाट होता त्या दोन दिवसांचा! साड्या पाहायला याव्यात तशा गल्लीतल्या बायका रेडिओ पाहायला आल्या. मोठ्या चकचकीत सेटची किंमत ऐकून नानांनी नुसतं पाणी मागितलं. धाकटा दिसायला गोड, पण जवळपासच्या स्टेशनांपलीकडे त्याची धाव नाही. तिसरा इतका बेढब की तू तो कोपऱ्यात ढकलून ठेवला होतास. रविवारी संध्याकाळी दुकानाचा माणूस सेट न्यायला दारात येऊन उभा, तेव्हा कुठे नानांनी तो तिसरा सेट लावला. मी गच्चीवर एरियलची तार धरून उभी, खाली नुसती खरखर. तू हिरमुसून पोळ्या लाटायला गेलीस. आणि अचानक खरखरीतून एक माणूस स्पष्ट मराठीत बातम्या सांगू लागला. मी तार तशीच कठड्याला अडकवून धावत खाली आले. तू लाटणं हातात घेऊन बाहेर आलीस, तुझे डोळे भरले होते आणि तू हसत होतीस. "अहो, ऐकलंत? कसं स्वच्छ बोलतोय!"

"अगं, पण काय सांगतोय ते ऐक," नाना म्हणाले. "भोपाळला ऑफिसं हलवण्याचीच बातमी आहे."

"असू दे. मराठीत सांगतोय ना!"

नाना दाराकडे वळले. मग दुकानाच्या माणसाला म्हणाले, "ये वाला यहीं रहेगा." दुसऱ्या दिवशी ते गेले आणि घरात मराठी बोलायला तो बेढब सेट उरला.

आता माझ्या घरात सगळे हिंदी बोलतात. प्रेमानं बोलतात, तक्रार नाही. तू आता नाहीस, हे पत्र टपालाच्या पेटीत पडणार नाही, म्हणून मोकळेपणानं तुला सांगते. नातू मघाशी जरा बाहेर जाऊन आला, तेवढ्यात मी मराठी बातम्या लावल्या आणि स्वयंपाकघरात कणीक मळत बसले. निवेदिका "नमस्कार" म्हणाली. घरात कुणी नाही हे पाहून घेतलं, आणि मीही तिला मोठ्यानं "नमस्कार" म्हटलं.