नऊ घरं आणि बाराशे फॉर्म

प्रिय गप्पिष्टे,

दोन दिवसांत हे पत्र तीनदा लिहून फाडलं. लिहायला बसते, उठते, उगाच खिडक्या पुसते. कॉलेजात तू मला आकडेबाई म्हणायचीस, आठवतं? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर आपण एकाच वर्षी काम सुरू केलं. मी बाराशे जणांचे फॉर्म भरून घेतले. तू नऊ घरांत वर्षभर नुसती जाऊन बसलीस, भाजी निवडलीस, हरवलेले चष्मे शोधून दिलेस, आणि ते सगळं वह्यांत टिपलंस. याला संशोधन म्हणायचं तर माझी शेजारीणही डॉक्टरेट आहे, अशी मी चारचौघांत तुझी टर उडवायचे. तू हसायचीस. ते हसणं आता खुपतं.

माझा निकाल तुला ठाऊक आहे: शंभरातल्या ऐंशी जणांना एकटं वाटत नाही. तुझ्या नऊही घरांत नेमकं उलटं. मी म्हटलं, चूक तुझीच.

परवा आईकडे गेले होते. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. आमच्या यादीत तिचंही नाव चिठ्ठीनं निघालं होतं, आणि एकटं वाटतं का, या प्रश्नाला तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. मी निर्धास्त. परवा कपाट आवरता आवरता तिनं सहज विचारलं, ती फॉर्मवाली मुलगी पुन्हा कधी येणार, दीड तास बसली होती, किती गोड बोलते. मी कपाटाचं दार लोटून दिलं. अगं, दीड तास कोणी समोर बसून ऐकत असताना कुणाला एकटं वाटेल? आणि माणूस मोकळा व्हावा म्हणून तो प्रश्न मीच सगळ्यात शेवटी ठेवलेला. बाराशे घरांत आम्ही आधी एकटेपण घालवलं आणि मग मोजलं.

तुझ्या नऊ घरांवरून सगळ्यांचं कळत नाही, हे मी अजूनही म्हणेन, भांडेनही. पण माझा आकडा कुठे फसला, हे तुझ्या वह्या वाचल्या नसत्या तर मला आईच्या बोलण्यातूनही उमगलं नसतं.

आता खरं सांगते. ‘नऊ घरं म्हणजे पुरावा नव्हे’ हा प्रकल्प तपासणाऱ्या समितीकडे गेलेला निनावी शेरा, ज्यानं तुझा प्रकल्प आणि नोकरी दोन्ही गोष्टी घालवल्या, जो वाचून तू माझ्याच खांद्यावर रडलीस, तो मी लिहिला होता. सोमवारी समितीपुढे तो मागे घेतेय, नावानिशी. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण ते माझं मी बघेन. फक्त एकदा आईकडे जाऊन बस. मी विचारलं की ती म्हणते, सगळं छान आहे.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
आकडेबाई