संध्याकाळच्या वर्गांवरची सही

ता. ३ एप्रिल

तीर्थस्वरूप मामास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन दोनदा वाजून गेला, मी उचलला नाही. रागावू नकोस. फोनवर मी बोलते आणि तुझं अख्खं सलून ऐकतं. मागच्या वेळी तर खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने तोंडाला साबण असतानाच मला सल्ला दिला होता. म्हणून हे पत्र. हे तरी एकट्याने वाच.

पुढच्या शुक्रवारी माझं अध्यक्षपद संपतं. विद्यार्थी परिषदेची खोली तू पाहिलेली नाहीस. जिन्याखाली आहे, छत एका बाजूला उतरत गेलंय, उंच माणूस आला की आधी कपाळ धरतो आणि मग तक्रार सांगतो. वसतिगृहाच्या नळाला पाणी नाही, दोन पेपर एकाच दिवशी आले, कुणाचं ओळखपत्र हरवलं. सुरुवातीला प्रत्येकाचं ऐकून मी लगेच पळत सुटायचे. आता दार वाजलं की मीही कपाळ धरते. काल एक मुलगी नुसती पंखा लावू का विचारायला आली होती, तिच्यावरही मी खेकसले.

तुला खरं कारण ठाऊक आहे. संध्याकाळचे वर्ग. दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्यांचे ते वर्ग बंद होऊ देणार नाही, असं सांगून मी निवडून आले होते. आम्ही संप केला, मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर ठिय्या दिला, वर्तमानपत्रात आलो. पण संप लांबला तशी परीक्षा धोक्यात आली. दिवसाची मुलं एकेक करून वर्गात जाऊ लागली. शेवटी कुलगुरूंनी सांगितलं की आत्ता शिकणाऱ्यांना पदवीपर्यंत शिकू देऊ, नवे प्रवेश मात्र बंद. हे मान्य नसेल तर परीक्षाच नाही, सगळ्यांचं वर्ष जाईल. त्या लांबलचक टेबलाशी आम्ही पाच जण बसलो होतो. इकडे आड, तिकडे विहीर. मी सही केली.

आमच्या सचिवने केली नाही. तीच माझी मैत्रीण, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, सुट्टीत घरी आली होती आणि तू तिच्या केसांना नावं ठेवली होतीस. ती स्वतः संध्याकाळच्या वर्गात आहे. बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली की तू दिवसा शिकतेस म्हणून तुला सही करता आली. तेव्हापासून बोलत नाही. जिन्यात समोर आलो तर ती भिंतीकडे बघत जाते, मी जिन्याकडे.

मामा, मी पुन्हा उभी राहणार नाही. परिषदेला नाही, कशालाच नाही. मला आधी झोपायचंय, मग अभ्यास करायचाय. दुकानात कृपा करून काही जाहीर करू नकोस.

आईला सांग, जेवते वेळेवर. (थोडं खोटं आहे.)

कळावे. माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी हरकत नाही.

तुझी भाची


ता. ९ एप्रिल

चि. साळुंकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र एकट्याने वाचलं. दुकान बंद करून, खुर्चीत स्वतःच बसून. बरीच वर्षं त्या खुर्चीमागे उभा आहे, पण बसल्यावर कळलं की तिची पाठ फार ताठ आहे. गिऱ्हाइकं कशी बोलली नाहीत कोण जाणे.

तर माझ्या बडबड्या साळुंकी, तू दमलीस हे मान्य. पण दमलेल्या माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत. मीही रविवारी गर्दी उपसली की म्हणतो, आता कात्री हातात धरणार नाही. मंगळवारी पुन्हा धार लावायला बसतो. कुलगुरूंनी तुमची बिनपाण्याने केली हे खरं, पण अध्यक्ष तू होतीस म्हणून निदान कान तरी शाबूत राहिले. दुसरं कुणी असतं तर तेही गेले असते.

आता एक आनंदाची बातमी. आपल्या भागातले पुढारी, जाड मिशांचे, ते मंगळवारी दाढीला आले होते. आरशावर तुझा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलाय, तो त्यांनी नीट पाहिला. ही मुलगी बोलते कशी, शिकते काय, सगळं विचारलं. म्हणाले, अशी मुलं आम्हाला हवीत, सुट्टीत आली की आमच्या सभेत चार शब्द बोलेल का. मी म्हटलं, चार काय, चारशे बोलेल. शब्द देऊन टाकलाय. मामाचा शब्द खाली पडू देऊ नकोस.

निरोपाच्या सभेत भाषण जोरदार कर. काय काय केलं ते एकामागून एक सांग. वर्गांचा विषय शेवटी घे आणि झटकन उरक, जखमेवर तुरटी फिरवतात तसा. लोक शेवटचं फार वेळ लक्षात ठेवत नाहीत.

ताई, म्हणजे तुझी आई, म्हणते की पोर जेवत नाही, मला तिच्या आवाजावरून कळतं. मी म्हटलं, ती फोनच उचलत नाही तर आवाज कुठून ऐकलास? तर माझ्यावरच डाफरली. एकूण काय, जेव.

बाकी सर्व क्षेम. आठवण ठेवावी आणि मामाचा मान राखावा.

तुझा मामा


ता. १६ एप्रिल

तीर्थस्वरूप मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग रडू आलं. ही दोन्ही कामं मी हल्ली एकदमच उरकते.

आधी कडू ते सांगते. मी त्या पुढाऱ्यांच्या सभेत बोलणार नाही. मला न विचारता तू शब्द दिलास, तो तूच परत घे. वर्षभर दुसऱ्यांनी माझ्या नावाने शब्द दिले आणि मी ते पाळत फिरले. माझ्याच मामानेही तेच करावं? त्यांनी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तू मलाही वर ओढायला निघालास. मी लहान असते तर आले असते. आता पाय दुखतात.

शुक्रवारी निरोपाची सभा झाली. सभागृह अर्धं रिकामं, पुढच्या रांगेत प्राध्यापक, ध्वनिक्षेपक मधूनच खरखरत होता. मी यादी लिहून नेली होती, तुझ्या सांगण्याप्रमाणे. वसतिगृहाचं पाणी, वाचनालय उशिरापर्यंत उघडं, परीक्षांमध्ये एक दिवसाची फट. वाचायला लागले तर आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटू लागला. मग कागद बाजूला ठेवला आणि वर्गांचंच बोलले. म्हटलं, हे वर्ग बंद होऊ देणार नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं आणि ते बंद होण्याच्या कागदावर माझी सही आहे. त्या दिवशी ती मला बरोबर वाटली होती. आज विचाराल तर माहीत नाही. जे आत आहेत ते शिकतील, जे दाराशी उभे होते त्यांच्यावर मी दार लावलं. त्यांच्यापैकी इथे कुणी नाही, म्हणून त्यांच्या वतीने मला माफही कुणी करू शकत नाही. एवढं बोलून खाली बसले. टाळ्या वाजल्या, पण वाजवू की नको अशा.

सचिव शेवटच्या रांगेत होती, औषधांच्या दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगावर. सभा संपायच्या आत उठून गेली. मला वाटलं, संपलं. तर फाटकाशी थांबली होती. म्हणाली की मी अजूनही ती सही केली नसती. पण तुझ्या सहीमुळेच मी या उन्हाळ्यात पदवीधर होईन, आणि मला दोन्ही गोष्टींचा राग येतो. मी म्हटलं, मलाही. मग तिने विचारलं की अर्थशास्त्राच्या पेपरची तुझी तयारी किती झाली. मी सांगितलं की शून्य. ती हसली नाही, पण आपल्या टिपणांचा गठ्ठा पिशवीतून काढून माझ्या हातात दिला आणि बसच्या रांगेकडे गेली. मैत्री परत जुळली असं समजू नकोस. पण आता भिंतीकडे बघून जाणार नाही असं वाटतं.

तुला लागेल असं लिहिलंय, ठाऊक आहे. तरी पाठवते.

कळावे. राग संपला की लोभ करावा.

तुझी भाची


ता. २ मे

चि. साळुंकीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी मी रागावलो होतो, हे लपवत नाही. ताईला म्हटलं, पोरीला शिंगं फुटली. ताई म्हणाली, बरं झालं, आता कुणी तिला कुठेही बांधणार नाही. तुझी आई कमी बोलते, पण बोलते तेव्हा माझ्या वस्तऱ्यापेक्षा चांगलं कापते.

राग उतरला तो मात्र वेगळ्याच कारणाने. माझ्याकडे एक बसचालक येतो, तरुण आहे, अबोल. परवा केस कापताना त्याने आरशातून तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं की ही कोण. मी नेहमीसारखा सुरू झालो. माझी भाची, अध्यक्ष होती, असं आणि तसं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की मी तुमच्या भाचीच्या शहरात बदली मागितली होती, संध्याकाळच्या वर्गात नाव घालणार होतो. बदली आली आणि त्याच आठवड्यात वर्ग बंद झाल्याचं कळलं. आता बदली नको म्हणून अर्ज केलाय.

तक्रार केली नाही त्याने. आवाजही चढवला नाही. कात्री हवेतच राहिली. त्यानेच मग मान खाली घालून सांगितलं की मागून जरा बारीक करा.

तो गेल्यावर मी फोटो काढून ठेवला. तुझी लाज वाटली म्हणून नाही, एवढं नीट वाच. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तुझ्या नावाने जे सांगत होतो, त्यात हा माणूस कुठेच नव्हता. तू भाषणात ज्यांना दाराशी उभे म्हणालीस, त्यातला एक माझ्याच खुर्चीत बसून गेला.

पुढाऱ्यांना सांगितलं की भाची येणार नाही, शब्द माझा होता, चूक माझी. ते मिशीत हसले. आता समोरच्या दुकानात दाढी करतात. करोत. त्यांची मिशी सावरायला अर्धा दिवस जायचा.

परीक्षा झाली की ये. भाषण नाही, सभा नाही. कुणी तुला काही विचारणार नाही, मी सुद्धा. म्हणजे प्रयत्न करीन.

मामाचे काही चुकले असेल तर पोटात घालावे, आणि रिकाम्या पोटात घालू नये, आधी जेवावे.

तुझा मामा


ता. २१ मे

तीर्थस्वरूप मामास,
सा. न. वि. वि.

आज शेवटचा पेपर झाला. अर्थशास्त्राचा बरा गेला, तो माझा कमी आणि सचिवचा जास्त होता. बाकीचे जेमतेम. पहिला वर्ग मिळणार नाही. आईला आत्ताच सांगून ठेव, निकालाच्या दिवशी तिला एकदम धक्का नको.

तुझ्या बसचालकाचं दोनदा वाचलं. मग उठून विद्यापीठाच्या कचेरीत गेले. आता अध्यक्ष नाही म्हटल्यावर खिडकीपलीकडच्या बाईंनी मला रांगेत उभं केलं, तेही बरंच वाटलं. चौकशी केली. वर्गात न येता बाहेरून परीक्षा देता येते, पण त्याला शिकवणारं कुणी नाही आणि विषयही मोजकेच आहेत. त्याला काय शिकायचं होतं ते विचारून कळव. सचिवला सांगितलं तर ती म्हणाली की टिपणं माझ्याकडे पडूनच असतील, त्याला पाठवू. हे वर्ग परत मिळाल्यासारखं नाही. अर्धीच बातमी आहे, म्हणून अर्धीच म्हणून सांग. त्याने नको म्हटलं तर गळ घालू नकोस.

नव्या परिषदेने वर्गांची मागणी पुन्हा मांडायचं ठरवलंय. नवा अध्यक्ष वादविवादाच्या मंडळातला मुलगा आहे, हुशार, दिवसातून तीनदा शर्ट खोचतो. माझ्याकडे आला होता, टेबलाशी नेमकं काय झालं ते विचारायला. मी सगळं सांगितलं, माझी बाजू न सावरता. तो लिहून घेत होता. मध्येच थांबला आणि म्हणाला की तुमच्या जागी मी असतो तर सही केली नसती. मी म्हटलं, तसंच व्हावं. मनापासून म्हटलं, मामा. त्याला पटलं नाही बहुतेक.

आज पेपर देऊन बाहेर पडले तर मागून कुणीतरी अध्यक्ष, अध्यक्ष अशी हाक मारली. मी थांबले, वळले, तोंडावर ते नेहमीचे ऐकून घेण्याचे भाव आणले. हाक मारणारी मुलगी माझ्या बाजूने पळत पुढे गेली आणि त्या शर्टवाल्याला गाठून नळाचं काहीतरी सांगू लागली. मी तिथेच उभी. आधी काहीतरी हातातून निसटल्यासारखं झालं. मग पाहिलं, तो कपाळ धरून ऐकत होता.

मी वाचनालयात गेले. दुपार होती, पंखे सुरू होते, खिडकीजवळची जागा रिकामी होती. पुस्तक उघडलं, त्यावर हात ठेवले, हातांवर डोकं ठेवलं आणि झोपले. जागी झाले तेव्हा उन्हाची पट्टी टेबलावरून भिंतीवर गेली होती. मला कुणीही उठवलं नव्हतं.

रविवारच्या गाडीने येते.

कळावे. लोभ तर आहेच, तो जपून ठेवावा.

तुझी भाची